खेळण्यातले विमान : एक उपेक्षित साधन

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे ही माला २२ खंडांपर्यंत गेली. ह्या खंडांनी आपल्याला कागद दिले, त्याचप्रमाणे एक दृष्टीही दिली. ज्या घरात ते कागद पडून होते त्या घराला पुष्कळदा त्यांचे मोल ठाऊक नसे. वाळवी आणि रद्दीवाला ह्या दोघांच्या आधी जो पोहोचला त्याच्या हाती इतिहास लागला. साधन हे जन्मतः साधन नसते. कोणीतरी ते उचलून त्याला प्रश्न विचारावा लागतो, हा धडा आपण त्या खंडांपासून घेतला आहे. तथापि हा धडा आपण कागदाच्या पलीकडे फारसा नेलेला नाही, असे आम्हांस नम्रपणे सुचवावयाचे आहे.

ज्या साधनाविषयी येथे लिहावयाचे आहे ते तळहातावर मावते. ते प्लास्टिकचे आहे; ते विमान आहे; आणि ते मुलांनी खेळून टाकून दिलेले आहे. ह्या तीन कारणांपैकी कोणतेही एक ते दुर्लक्षिले जाण्यास पुरेसे होते.

सुरतेत वाढलेल्या आमच्यासारख्या खानदेशी कुटुंबांचे गावाशी नाते तापीच्या काठाने जाते. १९०० मध्ये सुरत-अमळनेर अशी तापी खोऱ्याची रेल्वे झाली आणि नंतर त्याच लोहमार्गाने गिरण्यांच्या व मागांच्या कामासाठी माणसे ह्या शहरात आली. वर्षातून एकदा ती उलट दिशेने जात. त्यांतला एक मुक्काम म्हणजे दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा. दोंडाईच्याला गाडीतून उतरावयाचे आणि पुढे नदीकाठी जावयाचे. ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. परंतु १९७६ साली, वयाच्या सातव्या वर्षी, आम्ही तेथे घोडे किती पाहिले हे स्मरत नाही. स्मरते ते एका पालाखाली दोरीला टांगलेले विमान. वडिलांनी ते आम्हां दोघा भावांत मिळून एक असे घेऊन दिले. आमच्या आठवणीत ते रुपेरी होते, त्याला चार इंजिने होती आणि पंखावर काही अक्षरे होती.

प्रौढपणी आम्ही अशी विमाने जमवू लागलो, ते ह्या एकाच विमानाच्या शोधात. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, अहमदाबादची एलिसब्रिजखालची रविवारची गुजरी आणि आमच्या शहरातील भंगाराची दुकाने ह्यांतून तीस-बत्तीस नग मिळाले. कित्येकांना शेपूट नाही, काहींचे चाक गेलेले, एकाच्या पोटात कोणा मुलाने मेण भरलेले. शोध एकाचा होता. पण बाकीच्यांनी आम्हांस वाचावयास शिकविले. त्यांच्यापासून काय वाचता येते ते आधी सांगतो आणि मग त्या एकाकडे वळतो.

खेळण्यांचे साक्षीदारपण आपल्याला अगदीच नवे नाही. १९५५ ते १९६२ ह्या काळात शि. रं. राव ह्यांच्या मार्गदर्शनाखाली लोथल येथे उत्खनन झाले, त्यात मातीची खेळणी मिळाली. हडप्पा संस्कृतीच्या गाड्या कशा असत हे कळण्यास भाजलेल्या मातीच्या चिमुकल्या गाड्यांचा उपयोग झाला. अहमदनगर जिल्ह्यात, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, दायमाबाद येथे १९७४ मध्ये काशाचा रथ व चाकांवरील प्राणी सापडले. ती पूजेची साधने की आणखी काही, ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण चाकांवर ओढावयाची वस्तू आपल्या भूमीत किती जुनी, ह्याविषयी मतभेद नाही. आणि शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ तर नावापासूनच एका खेळण्यावर उभे आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणले तेव्हा मातीच्या गाडीसाठी नव्हे, तर सोन्याच्या गाडीसाठी रडणारा रोहसेन मराठी प्रेक्षकांच्याही परिचयाचा झाला. शेजारच्या मुलाच्या हातात सोन्याची गाडी आणि आपल्या हातात मातीची, एवढ्या एका भेदातून उज्जयिनीतील संपत्ती आणि दारिद्र्य नाटककाराने दाखवून दिले. खेळणे हे समाजाचे माप असते, हे त्याला ठाऊक होते.

आता प्लास्टिकच्या विमानाकडे येऊ. विमानाची हुबेहूब प्रतिकृती प्लास्टिकच्या सुट्या भागांतून जुळविण्याचा खेळ इंग्लंडात १९३६ मध्ये फ्रॉग ह्या नावाखाली बाजारात आला. त्याचे प्रमाण एकास बहात्तर असे होते. पुढे महायुद्धात हेच प्रमाण रणनीतीच्या कामी आले. शत्रूचे विमान कोणते आणि आपले कोणते हे आकारावरून ओळखता यावे म्हणून अमेरिकेच्या नौदलाने १९४२ मध्ये शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी नमुने करवून घेण्याची योजना काढली. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात युद्ध शिरले ते असे. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या एअरफिक्स ह्या कंपनीने आरंभी हवा भरलेली रबरी खेळणी केली. पुढे तिने स्पिटफायर विमानाचा संच काढला आणि विलायतेतल्या एका पिढीने लढलेले युद्ध दुसऱ्या पिढीने डिंक लावून जुळविले.

आमच्या यात्रेतल्या विमानाचा वंश मात्र हा नव्हे. ते सुटे येत नसे. दोन अर्धुके एकमेकांवर दाबून ते तयारच मिळे. त्याला प्रमाण नव्हते आणि बहुधा नावही नव्हते. इंग्लंडातल्या मुलाच्या हाती ठरावीक विमान असे, आमच्या हाती ‘विमान’ असे. ह्या शब्दाचाच येथे विचार करावा. आकाशात उडणारे यंत्र आले तेव्हा आपल्याला त्याच्यासाठी नवा शब्द घडवावा लागला नाही. रामायणातले पुष्पक आणि तुकोबांना वैकुंठास नेणारे विमान आधीपासून घरात होते. १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ बोलपटाने ते पडद्यावर दाखविलेही होते. यात्रेच्या पालात दत्ताच्या तसबिरीशेजारी टांगलेले प्लास्टिकचे विमान आमच्या आजीला परके वाटले नाही, ह्याचे कारण कदाचित हेच असेल. तिने त्याला नमस्कार केल्याचे आमच्या घरी हसत सांगितले जाई.

अशा निनावी वस्तूचा काळ ठरवावयाचा कसा? प्रथम द्रव्य पाहावे. भारतात पॉलिस्टायरीनचे उत्पादन १९५७ मध्ये, हलक्या घनतेच्या पॉलिथीनचे १९५९ मध्ये, जड घनतेच्या पॉलिथीनचे १९६८ मध्ये आणि पॉलिप्रॉपिलीनचे १९७८ मध्ये सुरू झाले. ह्यापूर्वीही परदेशी दाणा येत असे, म्हणून ह्या तारखा म्हणजे उंबरठे आहेत, कुलपे नव्हेत. तरी स्वस्तातले खेळणे स्वस्त दाण्याचेच होणार, आणि दाणा स्वस्त झाला तो देशात होऊ लागल्यावर. द्रव्य ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाही. तुटका तुकडा पाण्यात टाकावा : पॉलिथीन तरंगते, पॉलिस्टायरीन बुडते. पॉलिथीन नखाने दबते, बोटांना मेणचट लागते. पॉलिस्टायरीन टेबलावर आपटले तर खणखणते आणि मोडताना कडकन मोडते.

नंतर आकार पाहावा. आमच्या संग्रहातील एका विमानाच्या डोक्यावर कुबड आहे. हे बोइंग ७४७, म्हणजे ‘जंबो’. त्याचे पहिले उड्डाण १९६९ मध्ये झाले आणि एअर इंडियाचे पहिले जंबो, ‘सम्राट अशोक’, १९७१ मध्ये मुंबईस आले. तेव्हा हे खेळणे त्याआधीचे असणे शक्य नाही. परंतु आकार आरंभ सांगतो, अखेर सांगत नाही. पोलादी साचा महाग असतो. तो झिजेपर्यंत वापरला जातो आणि एका कारखान्यातून दुसऱ्यात विकला जातो. विलायतेतला फ्रॉगचा व्यवसाय १९७६ च्या सुमारास बंद पडल्यावर त्याचे पुष्कळ साचे सोव्हिएत संघात गेले आणि तीच विमाने ‘नोव्हो’ ह्या नावाने पुन्हा निघाली. महायुद्धातील विमान दोन राज्यपद्धतींतून उडाले, साचा मात्र एकच.

शेवटी कारागिराच्या खुणा पाहाव्या. दोन अर्धुकांच्या सांध्याची रेघ, दाणा वितळून साच्यात शिरला त्या तोंडाचा वण, तयार नग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांची वर्तुळे, ह्या तीन खुणा जवळजवळ प्रत्येक नगावर असतात. सांध्यावरचा फाजील पापुद्रा सुरीने तासलेला दिसतो. ती सुरी यंत्राची नसते, हाताची असते. कित्येक विमानांत रंग ढगाळ, एका पंखात हिरवट आणि दुसऱ्यात तपकिरी झाक असा आढळतो. कारागिराची ही हौस नव्हे. जुन्या बादल्या, डबे, चपला दळून केलेल्या भंगाराच्या दाण्याचा हा रंग आहे. ज्या मुलाला नव्या दाण्याचे खेळणे परवडत नसे त्याच्यासाठी जुन्या दाण्याचे होते. सोन्याची गाडी आणि मातीची गाडी हा भेद येथेही आहेच; फक्त तो वितळवून मिसळलेला आहे.

ह्या वस्तूंवर त्या काळच्या मनाच्याही खुणा असतात, पण त्या पाहाव्या लागत नाहीत, आठवाव्या लागतात. १ जानेवारी १९७८ रोजी ‘सम्राट अशोक’ मुंबईहून उडाल्यावर थोड्याच वेळात समुद्रात कोसळले आणि त्यातील २१३ जण मृत्युमुखी पडले. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतली मुले आपापली विमाने पाण्याच्या बादलीत बुडवून खेळत होती. मोठ्यांनी रागावून बादली काढून घेतली. दुर्घटनेचा वृत्तान्त वर्तमानपत्रांच्या दप्तरात मिळेल; बादलीचा वृत्तान्त कोठे मिळेल? ज्यांना विमानात बसणे जन्मभर शक्य दिसत नव्हते त्या घरांतली मुले विमानातल्या मरणाचा खेळ खेळत होती. इतिहासलेखकाला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल असे आम्हांस वाटत नाही.

येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा. प्लास्टिक नाश पावत नाही अशी ओरड आपण रोज ऐकतो, आणि ती खोटी नाही. मग चार हजार वर्षांपूर्वीची मातीची गाडी संग्रहालयात आहे आणि पन्नास वर्षांपूर्वीचे प्लास्टिकचे विमान दिसेनासे का झाले? कारण माती भाजल्यावर तिची पुन्हा माती करता येत नाही. तिला कोणी विकत घेत नाही. प्लास्टिकला भंगारवाला आहे. मोडके खेळणे तराजूत गेले, दळले गेले, त्याचा दाणा झाला आणि त्या दाण्याची बादली झाली. जे द्रव्य अविनाशी म्हणून बदनाम आहे त्याचा आकार सर्वांत क्षणभंगुर ठरला. आज सुरतेजवळच्या हजिऱ्यात मोठ्या प्रमाणावर प्लास्टिकचा कच्चा माल तयार होतो. द्रव्याचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो आकाराचा.

असो. आता त्या एका विमानाकडे वळतो.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडले गेले आणि सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला. आमच्या तळमजल्यावर पाणी चढले. ओसरल्यावर पाहिले तो जमविलेल्या विमानांचा पत्र्याचा डबा उलटला होता. पॉलिथीनची विमाने पाण्याबरोबर वर जाऊन जिन्याच्या फळीखाली अडकली होती, पॉलिस्टायरीनची गाळात सापडली. धुतल्यावर बहुतेक सारी जशीच्या तशी निघाली. छायाचित्रांच्या वहीचा मात्र लगदा झाला होता. तीत १९७६ च्या यात्रेनंतर काढलेले, आम्ही दोघे भाऊ ते विमान धरून उभे असलेले, एकमेव छायाचित्र होते.

पुढे २०११ मध्ये अहमदाबादच्या गुजरीत एक पिवळे विमान मिळाले. चार इंजिने, पॉलिथीनचे, हळदीच्या रंगाचे. थोरल्या भावाला दाखविताच दादा म्हणाला, “अरे, आपलं हेच होतं की.” आम्ही मानले नाही. आपले रुपेरी होते, असे आम्ही ठासून सांगितले. दादाने शांतपणे सांगितले की ते पिवळेच होते, उशाशी घेऊन तो झोपत असे, त्याला ठाऊक आहे. आम्ही शिक्षकी पेशातले. वाद कसा जिंकावा हे आम्हांस माहीत आहे. “लहानपणीच्या आठवणी अशाच फसव्या असतात, दादा,” असे म्हणून आम्ही तो विषय संपविला. २०१९ मध्ये दादा गेला.

त्यानंतर दोन वर्षांनी, सगळे नग साबणाच्या पाण्यात घालून स्वच्छ करीत असता, त्या पिवळ्या विमानाच्या शेपटीच्या खाचेत आणि इंजिनांच्या मागच्या बेचक्यांत राखी चकाकी दिसली. भिंग लावून पाहिले : रुपेरी रंगाचे कण होते. पॉलिथीनवर रंग धरत नाही, हे आम्हांस तोवर पुष्कळ वर्षे ठाऊक होते. हाताळण्याने तो पापुद्र्यांनी निघून जातो. विमान यात्रेत टांगले तेव्हा वरून रुपेरी होते. काही महिने खेळल्यावर ते आतल्या रंगाचे, पिवळे झाले. आम्हांस आठवत होता विकत घेतल्याचा दिवस. दादाला आठवत होती त्यानंतरची वर्षे. दोघेही खरे सांगत होते. हे त्याला सांगावयाचे राहून गेले.

हा नग आमचाच असे आमचे म्हणणे नाही. त्याच साच्यातला दुसरा असावा. पंखावरच्या अक्षरांचा निकालही लागलेला नाही. ती असलीच तर रंगाबरोबर गेली आणि ज्या छायाचित्रावरून काही समजते ते तापीने नेले. परंतु ह्या प्रसंगाने संग्रहाविषयीची आमची कल्पना बदलली. वस्तू म्हणजे पुरावा आणि आठवण म्हणजे भ्रम, असे मानून आम्ही चाललो होतो. वस्तूही अर्धेच सांगते. तिच्यावरचा रंग उडालेला असतो आणि तो कोठे शोधावयाचा हे आठवणच सांगते. साक्षीदार जिवंत असताना त्याची साक्ष नोंदवून न घेणे ही संग्राहकाची सर्वांत मोठी चूक होय. आणि ती आम्ही केली, तीही स्वतःच्या घरात.

पुण्यास दिनकर केळकर ह्यांनी १९२० च्या सुमारास अशाच सामान्य वस्तू, दिवे, अडकित्ते, फण्या, खेळणी, जमविण्यास आरंभ केला. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणाऱ्या ह्या गृहस्थाने आपल्या अकाली गेलेल्या राजा नावाच्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज तेथे २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. एका बालकाच्या नावाने सबंध समाजाचे घरगुती जीवन राखले गेले, ही आपल्या परंपरेतली थोर गोष्ट आहे. सुरतेतही १८९० मध्ये विंचेस्टर संग्रहालय स्थापन झाले, तेच आता सरदार वल्लभभाई पटेल ह्यांच्या नावाने ओळखले जाते. जागा नाही असे नाही, नोंद नाही.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. ज्यांचे बालपण १९६० ते १९८० ह्या दरम्यान गेले त्यांनी घरातील एखादे खेळणे उरले असल्यास ते उन्हापासून दूर, कापडात किंवा कागदात ठेवावे. जुन्या सेल्युलोजच्या खेळण्यास आंबूस वास येऊ लागला तर ते इतरांपासून वेगळे करावे, कारण तो कुजण्याचा वास असतो. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्याबरोबर एक चिठ्ठी ठेवावी : कोठे घेतले, किती पैशांना, कोणी घेऊन दिले, कोण कोण खेळले आणि तेव्हा त्याचा रंग कोणता होता. बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघणारे प्लास्टिकचे चिमुकले प्राणी आज संग्राहक हौसेने जमवितात. पण ते कोणाच्या खिडकीत ओळीने उभे असत हे त्या प्राण्यांवर लिहिलेले नसते.

आमच्या शाळेत गतवर्षी मुलांना आजी-आजोबांकडून अशा चिठ्ठ्या लिहून आणावयास सांगितले. चाळीसेक आल्या. बहुतेक खेळण्यांच्या पुढे एकच शब्द होता : ‘हरवले’. तरीही पुढचे रकाने मुलांनी भरून आणले होते. वस्तू हरवलेली असली तरी साक्ष अजून मिळते, हे त्यावरून दिसले. ती किती दिवस मिळेल हे मात्र आपल्या हाती नाही. पिवळ्या विमानाच्या चिठ्ठीवर आम्ही रंगाच्या रकान्यात दोन रंग लिहिले आहेत आणि साक्षीदाराच्या रकान्यात दादाचे नाव पहिले घातले आहे.